शिखांवरील हल्ला, मुसलमानांची साथ आणि आपल्या बातमीतले एक वाक्य

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या ओक क्रीक गुरुद्वारावरील हल्ल्याची आठवण ऑगस्टमध्ये निघते, तेव्हा मराठी बातम्यांत एक वाक्य हमखास येते : ‘हल्लेखोराने शिखांना मुसलमान समजून गोळ्या झाडल्या.’ हे वाक्य यापुढे छापू नये, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. त्याचबरोबर अशा हल्ल्यांनंतर तिथले मुसलमान शिखांच्या मदतीला कसे येतात आणि त्यात काय साधते, काय बिघडते, हेही वाचकांपर्यंत पोहोचावे असे वाटते. ही बाजू आपल्याकडे जवळजवळ छापूनच येत नाही.

आधी घटना. ५ ऑगस्ट २०१२, रविवार. विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकी शहराला लागून असलेल्या ओक क्रीक गावातल्या गुरुद्वारात सकाळी साडेदहाच्या सुमारास लंगरची, म्हणजे सर्वांसाठीच्या सामुदायिक जेवणाची, तयारी चालू होती. वेड मायकेल पेज हा माजी सैनिक आणि गोऱ्या वंशाच्या वर्चस्वाचा कडवा पुरस्कर्ता तिथे आला आणि त्याने गोळीबार सुरू केला. स्वयंपाकघरातल्या बायका कोठीत लपल्या म्हणून वाचल्या. गुरुद्वाराचे अध्यक्ष सतवंत सिंग कालेका यांच्यासह सहा जणांचा त्या दिवशी मृत्यू झाला. जखमी धर्मोपदेशक बाबा पंजाब सिंग पुढची साडेसात वर्षे अंथरुणाला खिळून होते. मार्च २०२० मध्ये तेही गेले. मदतीला धावलेले पोलीस अधिकारी ब्रायन मर्फी यांना पंधरा गोळ्या लागल्या, तरी ते बचावले. दुसऱ्या पोलिसाची गोळी लागल्यावर पेजने स्वतःवर गोळी झाडून घेतली.

एफबीआयने नोव्हेंबर २०१२ मध्ये तपास संपवला, तेव्हा हल्ल्याचा नेमका हेतू निश्चित करता आला नाही असेच सांगितले. पेजचे विचार जगजाहीर होते. पण त्याने शिखांना मुसलमान समजले, हा निष्कर्ष तपासाचा नाही. तो हल्ल्याच्या दिवसापासून वार्ताहरांनी काढलेला तर्क आहे आणि आपण तो वर्षानुवर्षे वस्तुस्थिती म्हणून छापत आलो आहोत.

खरी अडचण याहून मोठी आहे. ‘मुसलमान समजून मारले’ असे म्हटले की गुन्हा नेम चुकल्याचा ठरतो. नेम बरोबर लागला असता तर काय, हा प्रश्न मग कोणी विचारत नाही. शिवाय शिखांवर ‘आम्ही ते नव्हे’ असे सांगत फिरण्याची वेळ येते. अमेरिकेतल्या कितीतरी शिखांनी २००१ पासून हे सांगायला नकार दिला आहे, आणि तो स्वस्तात दिलेला नाही. ‘आम्ही मुसलमान नाही’ हे तीन शब्द कपाळावर लावून हिंडणे त्यांना अधिक सोयीचे होते. त्यांनी ते केले नाही, कारण त्या तीन शब्दांनी दगड शेजारच्या मशिदीकडे वळतो हे त्यांना कळत होते.

शेजारची मशीद हा अलंकार नाही. ओक क्रीकच्या दुसऱ्याच दिवशी, ६ ऑगस्टच्या पहाटे, मिझुरी राज्यातल्या जॉप्लिनची मशीद आगीत भस्मसात झाली. महिनाभर आधी, ४ जुलैला, तिथे आग लावण्याचा एक प्रयत्न होऊन गेला होता. त्याच्याही मागे जायचे तर १५ सप्टेंबर २००१ हा एकच दिवस पाहा. ॲरिझोनातल्या मेसा शहरात बलबीर सिंग सोढी यांना त्यांच्या पेट्रोल पंपावर मारले गेले आणि त्याच दिवशी टेक्सासमध्ये डॅलसला वकार हसन या पाकिस्तानी मुसलमान दुकानदाराला मारले गेले. मेसाच्या मारेकऱ्याने त्याच फेरीत एका लेबनीज वंशाच्या विक्रेत्यावर आणि एका अफगाण कुटुंबाच्या घरावरही गोळ्या झाडल्या होत्या. माणसाच्या धर्माची बारीक चौकशी करून हे लोक गोळी झाडत नाहीत.

ओक क्रीकच्या वेळी रमजान चालू होता. हल्ला झाला त्याच दिवशी अमेरिकेतल्या प्रमुख मुस्लिम संघटनांनी निषेधाची पत्रके काढली. पत्रक आवश्यक असते, पण त्याने जखमीच्या नातेवाइकाला इस्पितळात जायला गाडी मिळत नाही. उपयोगी पडते ते वेगळे, आणि ते करताना काही गोष्टी आधी ठाऊक असाव्या लागतात.

पहिले काम म्हणजे मशिदीच्या समितीतल्या एकाच माणसाने गुरुद्वाराच्या समितीतल्या एकाच माणसाला फोन करून ‘काय हवे?’ एवढेच विचारणे. पन्नास जणांनी पन्नास फोन केले तर मदतीचाच उपद्रव होतो. पहिल्या दोन दिवसांत गरज असते ती गाड्यांची, इस्पितळात रात्रभर बसणाऱ्यांची, मुले सांभाळणाऱ्यांची आणि दुभाष्यांची. दुभाष्याच्या कामात पाकिस्तानी पंजाबी मुसलमान सर्वांत उपयोगी पडतात, कारण वृद्ध शीख स्त्रियांची भाषा त्यांच्या घरचीच असते. मात्र बोलण्यापुरते. पाकिस्तानात पंजाबी शाहमुखी लिपीत लिहितात आणि शीख गुरुमुखीत, म्हणून रुग्णालयाचा किंवा पोलिसांचा लेखी मजकूर त्यांच्या हाती दिला तर काम अडते. ते काम गुरुमुखी वाचणाऱ्याकडेच द्यावे.

जेवण पाठवायची घाई सर्वांना असते आणि चूक होते ती इथेच. शिजवलेल्या बिर्याणीची भांडी गुरुद्वाराच्या दाराशी नेऊ नयेत. लंगर शाकाहारी असतो, आणि हलाल पद्धतीचे मांस शीख रहित मर्यादेत (शिखांच्या आचारसंहितेत) स्पष्टपणे निषिद्ध आहे, त्याला ते कुट्ठा म्हणतात. कोरडा शिधा न्यावा : कणीक, डाळ, तांदूळ, साखर, सीलबंद तेल-तूप, दुधाची भुकटी, चहा. तोही कुठे द्यायचा हे विचारून न्यावा, कारण घटनास्थळ पोलिसांच्या ताब्यात असते. ओक क्रीकची वास्तू चार दिवसांनी संगतीच्या (तिथल्या शीख समाजाच्या) हाती आली. गालिचे उखडणे, भिंती दुरुस्त करणे, फरशी धुणे ही कामे त्यानंतर झाली. तोवर तिथली चूलच बंद होती. अशा वेळी जवळच्या दुसऱ्या गुरुद्वाराच्या स्वयंपाकघरावर सगळा भार येतो आणि शिधा तिथे लागतो. मिलवॉकीच्या परिसरात असे दुसरे गुरुद्वारा ब्रुकफिल्डला आहे.

पैशांबाबत एक बारकावा मुसलमानांच्या बाजूचा आहे. रमजानमध्ये जकात, म्हणजे ऐपतदारांवर बंधनकारक असलेले दान, मोठ्या प्रमाणावर निघते, पण बहुसंख्य फिकहकारांच्या (इस्लामी कायद्याच्या पंडितांच्या) मते जकात मुस्लिम गरजूंसाठीच असते. तीच पेटी फिरवली तर नंतर मशिदीत वाद होतो आणि चांगल्या कामाला गालबोट लागते. म्हणून सदक्याची (ऐच्छिक दानाची) वेगळी पेटी, वेगळी पावती. सदका कोणत्याही धर्माच्या माणसाला देता येतो. रक्कम गुरुद्वाराने जाहीर केलेल्या एकाच खात्यात जावी. प्रत्येक संघटनेने आपापले खाते उघडले की पैसे कुठे गेले हे मृतांच्या घरच्यांना कधीच कळत नाही, आणि अशा गर्दीत भामटेही खाते उघडतात.

गुरुद्वारात जाताना जोडे जोडाघरात काढायचे, हात धुवायचे, डोके झाकायचे. दाराशी रुमालांची टोपली असते. हिजाब चालतो. नमाजच्या टोपीबाबत गुरुद्वारागणिक मत बदलते, त्यामुळे वरून रुमाल बांधणे सोपे. तंबाखू किंवा सिगारेटचे पाकीट खिशातसुद्धा नेऊ नये. गुरू ग्रंथ साहिबसमोर मत्था टेकणे मुसलमानाला मान्य नसते आणि पाहुण्यावर तशी सक्तीही नसते. हात जोडून क्षणभर उभे राहावे आणि बाजूला मांडी घालून बसावे, ग्रंथाच्या दिशेला पाय पसरू नयेत. कडाह प्रसाद म्हणजे कणीक, तूप आणि साखर. तो दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतात. रोजा असेल तर कागदात बांधून घ्यावा आणि इफ्तारनंतर खावा, त्यात कोणाचा अवमान होत नाही. रोजेदाराने लंगरच्या पंगतीत जेवायला न बसता वाढायला उभे राहावे. भांडी घासण्याच्या सेवेला तर कधीच कोणी नाही म्हणत नाही.

संध्याकाळच्या शोकसभांची वेळ ठरवताना रमजानचा विचार लागतो. ऑगस्टच्या सुरुवातीला मिलवॉकीत सूर्य आठनंतर मावळतो. मेणबत्त्या लावायची वेळ तीच असते आणि रोजा सोडायचीही तीच. सभेच्या कडेला खजूर, पाणी आणि मगरिबच्या (सूर्यास्तानंतरच्या) नमाजसाठी दहा मिनिटे व थोडी जागा ठेवली की मुसलमान शेवटपर्यंत थांबतात, नाहीतर नेमक्या मौनाच्या वेळी रांगा रिकाम्या होतात. सभा शाळेत किंवा नगरपालिकेच्या सभागृहात असेल तर यजमानांनी कृपाणाविषयी (शीख अंगावर बाळगतात त्या धार्मिक शस्त्राविषयी) आधी लेखी बोलून ठेवावे. प्रवेशद्वारावर धातुशोधक यंत्र वाजते आणि ज्यांच्यासाठी सभा भरवली त्यांनाच बाहेर उभे केले जाते. सुरक्षारक्षकाने पगडीला हात लावू नये, हेही त्याच पत्रात लिहावे. भाषणे दोन मिनिटांची असावीत. इमामांनी इस्लाम कसा शांतीचा धर्म आहे हे त्या दिवशी सांगत बसू नये, ऐकणाऱ्यांच्या घरात मृतदेह असतात.

मृतदेहांविषयीही समज हवी. मुसलमानांकडे दफन शक्य तितक्या लवकर करतात, म्हणून ‘अंत्यविधीला इतका उशीर का?’ असे सहज तोंडून जाते. खुनाच्या प्रकरणात उत्तरीय तपासणी होईपर्यंत देह मिळत नाही, आणि पंजाबातून येणाऱ्या नातेवाइकांचे व्हिसा व्हायचे असतात. ओक क्रीकच्या सहाही जणांना अखेरचा निरोप १० ऑगस्टला गावातल्या शाळेच्या सभागृहात दिला गेला. त्यानंतर घरोघरी सहज पाठ, म्हणजे संपूर्ण गुरू ग्रंथ साहिबचे टप्प्याटप्प्याने वाचन, बसतो; तो साधारण दहा दिवसांनी भोगाला (समाप्तीच्या विधीला) संपतो. त्या दिवशी कॅमेरे नसतात. मुस्लिम शेजाऱ्यांनी जायचा खरा दिवस तो. आणि त्यापुढे दरवर्षी. ओक क्रीकमध्ये मृतांच्या स्मरणार्थ ‘चढदी कला’ नावाची सहा किलोमीटरची दौड होते, तिथे सगळ्या धर्मांची माणसे येतात.

सर्वांत टिकाऊ काम कागदावरचे आहे. ओक क्रीकपर्यंत एफबीआयच्या द्वेषगुन्ह्यांच्या नोंदपत्रकात शिखांसाठी रकानाच नव्हता. शिखावरचा हल्ला ‘इस्लामविरोधी’ किंवा ‘इतर’ यांत जाई. सप्टेंबर २०१२ मध्ये, त्या दिवशी आई गमावलेला अठरा वर्षांचा हरप्रीत सिंग सैनी सिनेटच्या उपसमितीपुढे हीच मागणी घेऊन उभा राहिला. शीख, अरब आणि हिंदू संघटनांनी ती एकत्र लावून धरली. २०१३ मध्ये मंजुरी मिळाली आणि २०१५ पासून शीख, हिंदू आणि अरब यांच्याविरुद्धचे गुन्हे वेगळे नोंदले जाऊ लागले. अरबविरोधी हल्ल्यांचा रकाना हा अनेक मुसलमानांच्याही कामाचा आहे. तरी स्थानिक पोलिसांनी आकडे पाठवणे ऐच्छिकच आहे, आणि अनेक ठाणी शून्य कळवतात किंवा काहीच कळवत नाहीत. म्हणून मशीद आणि गुरुद्वारा यांनी एकाच स्वयंसेवकाला तक्रार लिहायला बसवावे. हल्लेखोर काय बोलला ते त्याच्याच शब्दांत, त्याच दिवशी लिहून घ्यावे. ‘शिवीगाळ केली’ एवढेच लिहिले की द्वेषगुन्ह्याचा पुरावा तिथेच संपतो.

ही सोबत नव्याने उगवलेली नाही. सरहिंदला गुरू गोविंदसिंगांच्या दोन लहान मुलांना मारण्याच्या आज्ञेला मालेरकोटल्याचे नवाब शेर मोहम्मद खान यांनी भर दरबारात विरोध केला होता. शिखांनी तो उपकार इतका जपला की १९४७ च्या कत्तलींत मालेरकोटल्याच्या मुसलमानांना हात लागला नाही. गुरू ग्रंथ साहिबमध्ये शेख फरीदांचे श्लोक आहेत आणि आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत. नांदेडच्या तख्तावर रोज ज्या ग्रंथाचा प्रकाश होतो, म्हणजे जो विधिपूर्वक उघडला जातो, त्यात शीख, मुसलमान आणि मराठी वाणी शेजारी शेजारी आहे, हे तरी मराठी वृत्तपत्राला परके वाटू नये.

तेव्हा पुढच्या वेळी ही बातमी देताना तीन गोष्टी कराव्यात. मृतांची संख्या सात लिहावी. हेतूबद्दल तपासात जे निष्पन्न झाले तेवढेच लिहावे. आणि जागा असेल तर दुसऱ्या दिवशीच्या जॉप्लिनचा उल्लेख त्याच बातमीत, त्याच परिच्छेदात यावा.

आपला,
एक वाचक, नांदेड