नववा खंड मागितला, दहावाही दिलात

ती. स्व. काकांना,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, आणि आपल्या विधी ग्रंथालयात ज्यांनी चार दिवस काढलेत त्यांना संदर्भ विभागातले ‘काका’ म्हटलं की पुरतं. मागच्या महिन्यात एलएल.एम.चा प्रबंध जमा केला. ऋणनिर्देशात मार्गदर्शक आले, विभागप्रमुख आले, आईबाबा आले, टायपिंग करून देणारा मुलगासुद्धा आला. तुमच्या वाट्याला मात्र ‘ग्रंथालय कर्मचारी वर्ग’ एवढंच. छापून आल्यावर ते वाचलं आणि माझी मलाच लाज वाटली. म्हणून हे जाहीर पत्र.

तुम्हाला आठवत असेल की नाही कोण जाणे. बार्शीहून आलेली, मोठी बॅग टोकन न घेताच आत नेणारी मुलगी. विषय होता हिंदू विवाह कायद्याचं कलम 9, म्हणजे कोर्टात सगळे ज्याला नांदायला येण्याचा दावा म्हणतात तो. हातात एक चिठ्ठी : दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई, आय.एल.आर. 9 बॉम्बे 529. त्यातला 9 म्हणजे खटल्याचा नंबर असावा असं धरून मी दोन दिवस एआयआरचे, म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर या निकालसंग्रहाचे खंड उपसत होते. तिसऱ्या दिवशी तुम्ही टेबलाशी येऊन विचारलंत, “ताई, काय हरवलंय?” चिठ्ठी पाहिलीत आणि म्हणालात, “एआयआर सुरू झालं 1914 साली. तुमची बाई त्याच्या आधीची.”

मग उभ्या उभ्याच सांगितलंत. आय.एल.आर., म्हणजे इंडियन लॉ रिपोर्ट्स ही निकालांची मालिका, ही चाळ, बॉम्बे हा तिचा विंग, 9 हा मजला म्हणजे खंड, 529 ही खोली म्हणजे पान. संशोधनपद्धतीच्या पेपरात आम्हाला गृहीतकाचे प्रकार पाठ करायला लावले होते. हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि एलएल.एम.ला येऊनही हे येत नाही असं विचारायची हिंमत मला नव्हती.

चाळ सापडली, पण मजला गायब. संगणक ‘उपलब्ध’ म्हणत होता आणि रॅकवर आठच्या पुढे थेट दहा. मी वही मिटून निघाले होते. तुम्ही घोडा, म्हणजे ती लाकडी शिडी, ओढत मद्रासच्या रांगेकडे गेलात. इंडियन लॉ रिपोर्ट्स 1876पासून निघू लागले ते कलकत्ता, मद्रास, मुंबई आणि अलाहाबाद अशा चार हायकोर्टांचे वेगवेगळे. म्हणजे नववा खंड प्रत्येकाचा आहे, कातडी बांधणी सगळ्यांची सारखी, आणि पाठीवरची सोनेरी अक्षरं बहुतेकांची उडालेली. तुम्ही पाठीकडे बघितलंच नाहीत. एकेक खंड काढून आतलं पहिलं पान उघडत गेलात. तिसरा उघडलात आणि वरूनच म्हणालात, “ही बघा, मद्रासला जाऊन बसली होती.”

त्या खंडाचं कातडं इतकं सुकलं होतं की हाताला विटकरी भुकटी लागत होती. माझ्या पांढऱ्या ओढणीवर तिचा डाग अजून आहे. तुम्ही आधी टेबलावर जुना पेपर पसरलात, दोन्ही बाजूंना दोन जाडजूड डायजेस्ट ठेवलेत आणि त्यांच्या मधे खंड असा उघडलात की पाठीवर ताण येऊ नये. झेरॉक्सला साफ नाही म्हणालात. काचेवर पालथा घालून दाबला की शिवण तुटते, मोबाइलवर फोटो घ्या, फ्लॅश बंद. तेव्हा मला राग आला होता. एकेक पान हातानं धरून फोटो काढायला दीड तास लागला, आणि पावणेसहा झाले की तुम्ही पंखे बंद करायचात. (ते मला आजही पटत नाही. ग्रंथालय सहापर्यंत उघडं असतं.)

पण खरे आभार पुढच्या गोष्टीसाठी आहेत. न्यायमूर्ती पिन्हे यांचा 1885चा निकाल वाचून मी हरखून गेले होते. अकराव्या वर्षी लग्न झालेली, नवऱ्याच्या घरी कधीच न नांदलेली बाई. तिला जबरदस्तीनं त्याच्याकडे पाठवणं हे रानटी आणि क्रूर होईल, असं इंग्रज न्यायाधीश लिहितो. जे सहजीवन सुरूच झालं नाही ते पुन्हा प्रस्थापित कसं करायचं, असंही विचारतो. माझं प्रकरण डोक्यात तयार झालं होतं, शीर्षकासकट. तेवढ्यात तुम्ही न मागता दहावा खंड शेजारी आणून ठेवलात, पान 301वर कागदाची पट्टी घालून. “एवढ्यावर उठू नका. अपील झालं होतं.”

अपिलात सर चार्ल्स सार्जंट आणि बेली यांनी पिन्हेंचा निकाल फिरवला होता. 1886 साल. दावा चालू शकतो म्हणून खटला परत खाली पाठवला. नववा घेऊन गेले असते तर अर्ध्या रस्त्यातून परतले असते, आणि तोंडी परीक्षेत कुणीतरी एका प्रश्नात सगळं प्रकरण आडवं केलं असतं.

त्यापुढचं काय, हेही मी तुम्हालाच विचारलं. तुम्ही म्हणालात, आता रिपोर्ट सोडा आणि त्या वेळची वर्तमानपत्रं बघा. शिवाय मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागार आहे तिथं जाऊन या, ओळखपत्र आणि विभागाचं पत्र न विसरता. मार्च 1887मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंग असा हुकूम दिला, रखमाबाई तुरुंगाला तयार झाल्या, आणि 1888मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन प्रकरण मिटलं, हे सगळं त्या पायपिटीत गोळा झालं. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, तो भाग माझ्या विषयाबाहेरचा. तरी दोन दिवस मी तोच वाचत बसले.

पट्टीची सवय मात्र लागली. टी. सरीथा, एआयआर 1983 आंध्र प्रदेश 356, हा आंध्र प्रदेश हायकोर्टाचा निकाल. कलम 9 घटनाबाह्य आहे असं तिथं ठणकावून सांगितलंय आणि मला नेमकं तेच हवं होतं. वाचून झाल्यावर वही मिटणार, तोच तुमचं “अपील झालं होतं” कानात वाजलं. अपील नव्हतं, पण पुढं बरंच काही होतं. 1983मध्येच हरविंदर कौर प्रकरणात दिल्ली हायकोर्टानं बरोबर उलटं मत दिलं आणि 1984मध्ये सरोज राणी प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सरीथाचा निकाल चुकीचा ठरवून कलम वैध धरलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी पहिला प्रश्न सरोज राणीवरच विचारला. उत्तर देताना मला तुमचा घोडा दिसत होता.

प्रबंधाची प्रत घेऊन गेल्या सोमवारी आले तर तुम्ही 31 तारखेलाच निवृत्त झाल्याचं कळलं. काउंटरवरच्या मुलाला घराचा पत्ता विचारला, तो म्हणाला गावी गेलेत. प्रत त्याच्याकडे ठेवलीय. तुमची ती निळी वही, कुठला खंड खरोखर कुठं आहे ते लिहिलेली, काउंटरच्या दुसऱ्या खणात अजून आहे आणि तो मुलगा ती वापरतो.

तिच्यात मी एक ओळ वाढवलीय, विचारून. आय.एल.आर. 12 मद्रास कलकत्त्याच्या रांगेत सापडला. रॅकवर मी स्वतः ठेवला नाही, तुमच्या नियमाप्रमाणे टेबलावरच ठेवला.

तुमची,
बार्शीची ताई