पाऊस जिल्ह्याचा मोजता, पण पाणी खोऱ्याचं असतं

मा. संपादक साहेब, नमस्कार.

पावसाळ्यात तुमच्या पेपरात जिल्ह्याच्या पावसाची टक्केवारी येते ती मी रोज पाहतो, नव्वदच्या वर गेली की घरात सगळे म्हणतात चला, यंदा टेन्शन नाही. पण नागपूरच्या नळाचा आणि नागपुरात पडणाऱ्या पावसाचा संबंध फार थोडा आहे हो. आपलं बरंचसं पाणी पेंच नदीचं, तिच्यावरच्या तोतलाडोह धरणाचं, आणि पेंच येते छिंदवाड्याकडून, तिथं वर आता चौराईचं धरण झालंय. २०१९ च्या जुलैत तोतलाडोह तळाला गेलं आणि शहराला एक दिवसाआड पाणी मिळालं, भर पावसाळ्यात! आमच्याकडे तेव्हा कूलरच्या टाकीपासून कुकरपर्यंत सगळं भरलेलं असायचं.

दुसरीकडे काटोल-नरखेड, जिल्हा हाच पण खोरं वर्धेचं. तिथं माझ्या मामांचं संत्र्याचं वावर आहे. मामा दर रविवारी गाठी मारलेली दोरी विहिरीत सोडतात आणि पाणी किती हात खाली गेलं ते मोटारीच्या खोलीत भिंतीवर कोळशानं लिहितात, शेजारी त्या आठवड्याचा पाऊस. मी ती भिंत नीट वाचली. दोन वर्षांचा पाऊस जवळपास सारखा, पण एका वर्षी विहीर मार्चपर्यंत टिकली आणि दुसऱ्या वर्षी संक्रांतीलाच खाली गेली, कारण त्या वर्षी निम्मा पाऊस चार-पाच दिवसांतच पडून नाल्यानं वाहून गेला, मुरलाच नाही. टक्केवारीत हे कुठं दिसणार?

मोजायच्या पद्धती आहेत. एसपीआय नावाचा निर्देशांक १९९३ पासून आहे, मागच्या तीन किंवा बारा महिन्यांचा पाऊस तिथल्याच जुन्या नोंदींशी ताडून बघतात, शून्य म्हणजे नेहमीसारखा पाऊस, उणे एकच्या खाली गेला की दुष्काळ, उणे दोनच्या खाली म्हणजे अतितीव्र. तीन महिन्यांचा आकडा पिकाचं सांगतो, बारा महिन्यांचा धरणाचं आणि विहिरीचं. पण त्यात फक्त पाऊस आहे, ऊन नाही, आणि आपल्याकडचा मे महिना काय असतो ते सांगायला नको. म्हणून २०१० मध्ये एसपीईआय आला, तो पावसातून उन्हानं उडू शकणारं पाणी वजा करतो. पुढच्या काळासाठी हा फरक फार मोठा आहे, कारण हवा एक डिग्री तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते, म्हणजे पाऊस वाढला तरी मधल्या उघडिपीत जमीन लवकर सुकते. नुसता एसपीआय पाहिला तर सगळं छान दिसेल, नुसता एसपीईआय पाहिला तर कधी गरजेपेक्षा जास्त भीती वाटेल, म्हणून दोन्ही द्या, सोबत नदीचा प्रवाह आणि भूजल पण द्या, आणि पुढचा अंदाज देताना एकाच हवामान मॉडेलचा (संगणकावरच्या गणिताचा) आकडा न देता अनेक मॉडेलं कुठून कुठपर्यंत सांगतात तो पूर्ण पट्टा दाखवा.

अजून एक, तुलना कोणत्या वर्षांशी करतो ते दर वेळी स्पष्ट लिहायला पाहिजे. २०२२ मध्ये हवामान खात्यानं देशाच्या मान्सूनची सरासरी ८८ वरून ८७ सेंटीमीटर केली. सरासरीच खाली सरकली तर तेवढाच पाऊस जास्त चांगला दिसतो.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वैनगंगा-नळगंगा जोडप्रकल्प. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाचं पाणी ४२६ किलोमीटर दूर बुलडाण्याकडे न्यायचंय, तिकडच्या लोकांना पाणी मिळालंच पाहिजे, माझा विरोध अजिबात नाही. पण वैनगंगेत जास्तीचं पाणी किती हे मागच्या नोंदींवरूनच ठरवू नका, पुढच्या पन्नास वर्षांत प्रवाह कसा राहील याचा हिशोब लोकांसमोर मांडा, मराठीत. हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र, नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, उपग्रहांवरून पाहणी करणारं सुदूर संवेदन केंद्र, केंद्रीय भूजल मंडळाचं ऑफिस, सगळं याच शहरात आहे.

तुमच्या पेपरनं निदान एवढं करावं, जिल्ह्याच्या टक्केवारीशेजारी पेंच-कन्हान आणि वर्धा या दोन खोऱ्यांचा तीन आणि बारा महिन्यांचा एसपीआय दर आठवड्याला छापावा. काटोलकडच्या विहिरींचं कोणी काम करत असेल तर मामांच्या भिंतीचे फोटो मी काढून ठेवलेत, हवे तेव्हा पाठवतो.

– एक वाचक, मनीषनगर, नागपूर