‘स्कायरिम’चे मॉड : आधी आवृत्ती बघा, मग यादी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

संगणकावरच्या खेळांविषयीच्या सदरांत ‘स्कायरिम’चा विषय निघाला की हमखास एक यादी येते : ‘पन्नास भन्नाट मॉड’, म्हणजे खेळात बदल किंवा भर घालणाऱ्या, बहुधा चाहत्यांनीच केलेल्या फाइल. वाचणारा एका बैठकीत पन्नासच्या पन्नास उतरवून घेतो, खेळ सुरू करतो आणि मुख्य मेनू दिसायच्या आतच पुन्हा डेस्कटॉपवर येऊन पडतो. मग ‘मॉडने खेळाची वाट लावली’ असा शेरा मारून सगळे काढून टाकतो. खरे तर एखादाच मॉड मुळात वाईट असतो. बहुतेक वेळा आवृत्ती जुळलेली नसते, क्रम चुकलेला असतो, नाहीतर सगळे एकदम कोंबलेले असते. पन्नास नावे देण्याऐवजी पहिले सहा कसे बसवायचे एवढेच सांगितले असते, तरी वाचकाचे काम झाले असते. ते काम या पत्रात करतो.

पहिला प्रश्न, आपल्याकडे नेमका कोणता ‘स्कायरिम’ आहे? मूळ खेळ ११ नोव्हेंबर २०११ चा, ३२ बिटचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये आलेली ‘स्पेशल एडिशन’ ६४ बिटची. २०२१ ची ‘ॲनिव्हर्सरी एडिशन’ हा तिसरा खेळ नाही. स्पेशल एडिशनवरच जास्तीची सामग्री चढवलेली आहे. २०११ च्या खेळासाठी केलेला मॉड उचलून स्पेशल एडिशनमध्ये टाकू नये. त्याची ॲनिमेशन ३२ बिटची असतात, ती बदलून घ्यावी लागतात. मेश, म्हणजे वस्तूंचे त्रिमितीय आकार, नव्या रचनेत आणाव्या लागतात. प्लगइन, म्हणजे खेळातल्या नोंदी बदलणारी फाइल, क्रिएशन किट या कंपनीच्या साधनात उघडून पुन्हा सेव्ह करावे लागते. नवख्याने या भानगडीत पडूच नये. स्पेशल एडिशनसाठी असे स्पष्ट लिहिलेलेच मॉड घ्यावेत.

एवढ्यावर भागत नाही. खेळाच्या फोल्डरमधल्या ‘स्कायरिमएसई’ या एक्झी फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स उघडा. तिथे १.५.९७, १.६.६४० किंवा १.६.११७० असा आकडा दिसेल. तो कागदावर लिहून ठेवा, कारण पुढची निम्मी डोकेदुखी त्या आकड्याशी बांधलेली आहे. कारण असे : पुष्कळ चांगले मॉड ‘स्क्रिप्ट एक्स्टेंडर’वर, म्हणजे ज्याला सगळे एसकेएसई म्हणतात त्यावर चालतात. एसकेएसई खेळाच्या एक्झी फाइलमधल्या ठरावीक पत्त्यांवर जाऊन काम करतो. कंपनीने अपडेट दिला की एक्झी बदलते आणि ते पत्ते सरकतात. म्हणून १.५.९७ साठी एसकेएसई २.०.२० आणि १.६.११७० साठी २.२.६, अशी जोडी जुळवावीच लागते. नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये मोठे अपडेट आले, तेव्हा सुरळीत चाललेले हजारो सेटअप एका रात्रीत बंद पडले ते याचमुळे.

हे टाळायला स्टीममध्ये, म्हणजे ज्या ऑनलाइन दुकानातून बहुतेक जण खेळ घेतात त्याच्या प्रोग्रॅममध्ये, खेळाच्या प्रॉपर्टीजमध्ये अपडेट्सखाली ‘खेळ सुरू करतानाच अपडेट कर’ हा पर्याय निवडा आणि त्यानंतर खेळ स्टीमच्या हिरव्या बटणाने कधीच सुरू करू नका. एसकेएसईच्या लोडरनेच करा. जीओजी या दुसऱ्या दुकानातून घेतलेल्या खेळासाठी एसकेएसईची वेगळी फाइल असते. गेम पास या मायक्रोसॉफ्टच्या वर्गणीतल्या खेळावर एसकेएसई चालतच नाही, तेव्हा तिथे त्याची आशा सोडून साधे मॉड वापरावेत.

आता जागा. खेळ ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये असेल तर विंडोज तिथे फाइल लिहायला आडकाठी करते आणि मॉड अर्धवट बसतात. स्टीमची दुसरी लायब्ररी ड्राइव्हवर साध्या नावाच्या फोल्डरमध्ये करून खेळ तिकडे हलवा. मग एकदा, फक्त एकदाच, स्टीमच्या लाँचरने खेळ उघडा. ग्राफिक्सची पातळी ठरते आणि डॉक्युमेंट्समध्ये ‘स्कायरिम’ व ‘स्कायरिमप्रेफ्स’ या सेटिंगच्या दोन आयएनआय फाइल तयार होतात. मुख्य मेनूपर्यंत जा, ज्या मोफत क्रिएशन, म्हणजे कंपनीकडूनच मिणारी जोडसामग्री, उतरवायला खेळ विचारतो त्या उतरवू द्या आणि बाहेर या.

मॉड खेळाच्या डेटा फोल्डरमध्ये हाताने टाकण्याचा मोह आवरावा. कोणती फाइल कोणत्या मॉडची हे चार दिवसांनी कुणालाच सांगता येत नाही. मॉड मॅनेजर दोन चालतात : व्होर्टेक्स आणि मॉड ऑर्गनायझर २. व्होर्टेक्स सुरुवातीला सोपा वाटतो. तो फाइलचे हार्डलिंक करतो, त्यामुळे त्याचे मॉड साठवायचे स्टेजिंग फोल्डर खेळाच्याच ड्राइव्हवर असावे लागते. मॉड ऑर्गनायझर प्रत्येक मॉड स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवतो आणि खेळ चालू असतानाच सगळे डेटामध्ये असल्याचा आभास निर्माण करतो. खरे डेटा फोल्डर कोरे राहते. शिकायला एखादी संध्याकाळ जास्त जाईल, पण आमचे मत त्याच्याच बाजूने आहे. मात्र तो खेळाच्या फोल्डरमध्ये बसवू नका, आणि एसकेएसई, लूट (प्लगइनचा क्रम लावणारे), एसएसईएडिट (प्लगइनमधल्या नोंदी बघण्या-बदलण्याचे) ही सगळी साधने त्याच्या आतूनच सुरू करा. बाहेरून उघडलेल्या लूटला एकही मॉड दिसत नाही आणि लोकांना वाटते सगळे उडाले.

पहिले सहा असे. एसकेएसई : त्याचा लोडर आणि डीएलएल खेळाच्या मुख्य फोल्डरमध्ये, म्हणजे एक्झीच्या शेजारी जातात, डेटामध्ये नाही, त्याचे स्क्रिप्ट फोल्डर तेवढे मॅनेजरमधून बसवावे. मग ‘ॲड्रेस लायब्ररी’, म्हणजे वर सांगितलेल्या पत्त्यांचा तक्ता, त्याच्या १.५ आणि १.६ साठी वेगळ्या फाइल आहेत, आपली कोणती ते बघून घ्या. तिसरा ‘एसएसई इंजिन फिक्सेस’, खेळाच्या इंजिनातल्या चुकांवरचा. चौथा ‘अनऑफिशियल पॅच’, जो खेळातल्या असंख्य चुका दुरुस्त करतो. त्याच्या नव्या आवृत्त्यांना चारही मोफत क्रिएशन लागतात, त्यातली एक जरी नसली तरी खेळ उघडताच बंद पडतो. पाचवा ‘स्काययूआय’ : सामानाची यादी माउस-कीबोर्डवर वापरण्याजोगी होते आणि बाकी मॉडच्या सेटिंगचा मेनूही याच्यामुळेच मिळतो. सहावा क्रॅश लॉगर, म्हणजे खेळ कशामुळे बंद पडला ते लिहून ठेवणारा. हा लोक शेवटी टाकतात. तो सुरुवातीलाच हवा, कारण पहिला क्रॅश झाला की त्याच्या लॉगमध्येच बहुधा दोषी फाइलचे नाव सापडते.

इतके झाले की खेळ सुरू करा, टिल्डच्या (~) बटणाने कन्सोल, म्हणजे आज्ञा लिहायची पट्टी, उघडा आणि ‘गेटएसकेएसईव्हर्जन’ ही आज्ञा इंग्रजीत टाइप करा. आकडा आला तर पाया बसला. इथपर्यंत न पोचता सातवा मॉड उतरवू नये. पुढेही दर तीन-चार मॉडनंतर हीच चाचणी. मुख्य मेनूवरूनच कन्सोलमध्ये ‘सीओसी’ आणि गावाचे नाव लिहिले की थेट रिव्हरवुडमध्ये उतरता येते. दोन मिनिटे फिरून बघा आणि बाहेर पडा. या मार्गाने सुरू केलेला खेळ सेव्ह करून पुढे खेळायचा नसतो.

आता ज्यावर सगळे अडखळतात ते : क्रम. मॉड ऑर्गनायझरच्या डाव्या बाजूला मॉडची यादी असते, उजवीकडे प्लगइनची. हे दोन वेगळे क्रम आहेत आणि दोन वेगळे तंटे सोडवतात. डावीकडचा क्रम ठरवतो, एकाच नावाच्या दोन टेक्स्चर (पृष्ठभागावरची चित्रे) किंवा मेश असल्या तर कोणाची वापरायची. उजवीकडचा ठरवतो, एकाच नोंदीत दोन प्लगइननी बदल केले असतील तर कोणाचे ऐकायचे. दोन्हीकडे खाली असलेला जिंकतो. आणि प्लगइनच्या बाबतीत तो सगळीच्या सगळी नोंद जिंकतो. थोडे याचे, थोडे त्याचे असा समेट खेळ स्वतःहून करत नाही.

लिडियाचेच बघा. व्हाइटरन शहरात यार्लकडून, म्हणजे तिथल्या सरदाराकडून, मिळणारी ही सोबतीण बहुतेकांना पहिली मिळते, म्हणून तिच्यावर मॉडही भरपूर. एका मॉडने तिचा चेहरा बदलला, दुसऱ्याने तिला लढाईची नवी कौशल्ये दिली. कौशल्यांचे प्लगइन खाली राहिले, तर तिची नोंद दुसऱ्या मॉडची, पण चेहऱ्याची तयार मेश मात्र पहिल्याची. नोंद म्हणते नाक असे, मेश म्हणते तसे. खेळाला मेळ लागत नाही आणि गोऱ्या अंगावर राखाडी-काळपट डोके दिसू लागते. नवखे इथे ग्राफिक्स कार्डला दोष देतात. उपाय साधा आहे : चेहऱ्याचा मॉड डावीकडे आणि उजवीकडेही खाली आणा. कौशल्येही हवी असतील तर एसएसईएडिटमध्ये दोन्ही प्लगइन उघडून लिडियाची नोंद शोधा, एक नवे छोटे पॅच प्लगइन करा, त्यात चेहऱ्याच्या नोंदीवर कौशल्यांच्या ओळी ओढून आणा आणि ते सर्वांत खाली ठेवा. हे एकदा हाताने केले की लोड ऑर्डर या प्रकाराची भीती जाते.

लूट हे साधन प्लगइनचा बरा क्रम आपोआप लावून देते. त्याच्यावर भरवसा ठेवावा, आंधळा नव्हे. दोन मॉडमधला कोणता जिंकावा असे तुम्हाला वाटते ते त्याला कसे कळणार? त्याच्या सूचना मात्र जरूर वाचाव्यात. हरवलेला मास्टर, म्हणजे एखादे प्लगइन ज्याच्यावर अवलंबून आहे ते दुसरे प्लगइन, तो लाल अक्षरांत सांगतो. मर्यादाही ध्यानात असू द्या : पूर्ण प्लगइन २५४ च, त्यात खेळाची स्वतःची पाचही आली. हलकी प्लगइन, ज्यांना ईएसएल म्हणतात, त्यांना वेगळी ४०९६ जागा आहेत. मोठ्या याद्या त्याच जोरावर उभ्या असतात.

टेक्स्चरचा हव्यास हा वेगळाच रोग. नेहमीच्या बीसी७ कॉम्प्रेशनमध्ये २०४८ × २०४८ चे एक चित्र ४ एमबी घेते, ४०९६ चे १६ एमबी. लहान प्रती धरून एक-तृतीयांश आणखी. त्यातही प्रत्येक पृष्ठभागाला रंगाचे एक आणि उंचसखलपणाचे एक अशी किमान दोन चित्रे लागतात. डोंगर ४के मध्ये शोभतात. कोबी आणि झाडू ४के मध्ये घेणाऱ्याने ग्राफिक्स मेमरी भरली म्हणून तक्रार करू नये. ६ जीबीच्या कार्डवर २के पुरे.

बिघाडाची काही लक्षणे ओळखीची झाली की शोध सोपा जातो. जांभळ्या रंगाची भिंत किंवा चिलखत : टेक्स्चर सापडत नाही. वस्तूच्या जागी लाल उद्गारचिन्ह : मेश सापडत नाही. दोन्ही हात पसरून ताठ सरकणारी माणसे : ॲनिमेशनचा मॉड टाकला, पण निमेसिस किंवा पँडोरा हे साधन चालवून ॲनिमेशन तयार केली नाहीत. खेळ उघडताच बंद : मास्टर हरवला. सुरुवातीची बैलगाडी, अर्थात घोडागाडी, रस्ता सोडून उड्या मारू लागली : फ्रेम ६० च्या वर गेल्या, खेळाचे भौतिकशास्त्र फ्रेमशी बांधलेले आहे, तेव्हा मर्यादा घाला किंवा ‘एसएसई डिस्प्ले ट्वीक्स’ बसवा. ठरावीक जागीच क्रॅश : लॉग उघडा. आयएनआय फाइलमध्ये ‘यूग्रिड्सटूलोड’ ५ वरून वाढवा असा सल्ला जुन्या व्हिडिओंत मिळतो, तो अजिबात ऐकू नका. वाढवलेल्या आकड्यावर केलेला सेव्ह आकडा परत कमी केल्यावर नीट उघडत नाही.

चालू खेळातून स्क्रिप्ट असलेला मॉड काढणे ही सर्रास होणारी चूक. काढला तरी त्याच्या स्क्रिप्टचे अवशेष सेव्हमध्ये राहतात, आणि बिघाड कधी कधी वीस तासांनी वर येतो. टेक्स्चर, मेश, आवाज बदलावेत. शोधमोहिमा, सोबती, नवे प्रदेश, जगण्याचे नियम बदलणारे मॉड खेळ सुरू करण्याआधी ठरवावेत. काढायचाच असेल तर तो घालण्यापूर्वीच्या सेव्हवर परत जावे. त्यासाठी ऑटोसेव्हवर विसंबू नये, मेनूतून नवा सेव्ह करत जावे.

एक्सबॉक्स-प्लेस्टेशनवर खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात : मॉड खेळातल्याच क्रिएशन्स मेनूतून मिळतात, एसकेएसई नाही. एक्सबॉक्सवर मॉडना ५ जीबी जागा, प्लेस्टेशन ४ वर १ जीबी. शिवाय प्लेस्टेशनवर बाहेरची टेक्स्चर वा मेश आणता येत नाहीत, खेळात आहे त्यातूनच मॉड घडवावा लागतो.

तयार याद्याही आहेत : व्होर्टेक्सची कलेक्शन्स आणि वाबाजॅक. शेकडो मॉड क्रमासकट बसतात. मात्र यादी ज्या आवृत्तीसाठी केली ती आवृत्तीच लागते, नेक्सस या मॉडच्या संकेतस्थळाच्या मोफत खात्यावर वाबाजॅकमध्ये प्रत्येक डाउनलोडला हाताने संमती द्यावी लागते आणि त्यात स्वतःचा एक मॉड घुसवला की यादीकर्ते मदत करत नाहीत. ते रास्तच आहे.

एक विनंती, महोदय. यापुढे अशी यादी छापाल तेव्हा प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी द्याव्यात : कोणत्या आवृत्तीवर चालतो, त्याला आणखी कोणते मॉड लागतात आणि चालू खेळात घालता येतो की नव्यानेच सुरुवात करावी लागते. दुसरी नेक्ससवर मॉडच्या पानावर ‘रिक्वायरमेंट्स’मध्ये सापडते, पहिली आणि तिसरी बहुधा वर्णनात असतात. जागा अपुरी पडली तर पन्नासांतले चाळीस गाळा.

आपला,
एक वाचक