उन्हाळ्यात टायरची हवा कमी ठेवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जूनच्या अखेरीस विदर्भातल्या शाळा उघडतील आणि दीड-दोन महिने उन्हात उभ्या असलेल्या व्हॅन पुन्हा मुलं भरून धावू लागतील. त्याआधी टायरबद्दल थोडं लिहायचं आहे. घाटंजी तालुक्यात मी बारा वर्षांपासून शाळेच्या मुलांची ने-आण करतो.

गेल्या एप्रिलात सकाळची शाळा सुटल्यावर नऊ मुलं घेऊन निघालो होतो. साडेअकरालाच डांबर तापलं होतं. मागच्या डाव्या चाकाची थरथर जाणवली, पण रस्ताच तसा असेल म्हणून मी थांबलो नाही. तिथेच थांबायला हवं होतं. थोडं पुढे गेलो आणि पत्र्यावर धाडधाड आवाज सुरू झाला, गाडी मागून डावीकडे ओढली गेली. मी ब्रेक मारला नाही, नाही तर गाडी फिरलीच असती. स्टिअरिंग घट्ट धरलं, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि गाडी आपोआप मंदावल्यावर बाजूला घेतली. मुलं रडत होती. उतरून पाहिलं तर नक्षीचा अख्खा पट्टा टायरवरून सालीसारखा सुटून मडगार्डमध्ये अडकला होता आणि खालच्या तारा उघड्या पडल्या होत्या. समोरून त्या वेळी ट्रक आला नाही, म्हणून नऊही लेकरं घरी पोचली. तो आवाज अजून माझ्या कानातून जात नाही.

हा टायर गोटा झालेला नव्हता. नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी असा नियम आहे. माझ्या टायरची त्याहून कितीतरी खोल होती, म्हणूनच तर तो जुना टायर मी 'नव्यासारखा आहे' म्हणून घेतला होता. बाजूवरचे आकडे नंतर वाचले : १११४. म्हणजे २०१४ सालच्या अकराव्या आठवड्यात बनलेला. कुणाची तरी स्टेपनी म्हणून वर्षानुवर्षं पडून राहिला असावा. टायर फिरला नाही तरी रबर म्हातारं होतंच. उन्हाने, हवेने ते कडक होतं आणि आतल्या तारांच्या थरावरची त्याची पकड सुटत जाते. नक्षी कितीही शिल्लक असो, सहा वर्षांनी टायर बदला, असं बऱ्याच गाडी कंपन्या सांगतात.

दुसरी चूक हवेची, आणि ती आपल्याकडे घरोघरी आहे. 'उन्हाळ्यात हवा कमीच ठेवत जा भाऊ, नाई त टायर फुटते,' हे मी प्रत्येक पंक्चरच्या दुकानात ऐकलंय आणि वर्षानुवर्षं पाळलंय. खरं नेमकं उलट आहे. हवा कमी असली की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतात, वाकतात. त्या वाकण्यातून टायर आतूनच तापतो. वरून ४५ अंशांचं ऊन, खाली तापलेलं डांबर, गाडीत मुलं आणि दप्तरं. एवढ्या उष्णतेत थरांची पकड ढिली होते आणि पट्टा सुटतो. दुपारी गरम टायर तपासला तर हवा जास्त दाखवतेच. ती काढून टाकू नये, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टायर कमी हवेवर धावतो. हवा सकाळी, गाडी निघण्याआधी, मीटर लावून तपासावी. किती भरायची ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. अंगठ्याने दाबून काही कळत नाही.

अमेरिकेत २००० साली फायरस्टोन कंपनीने असेच पट्टे सुटणारे सुमारे ६५ लाख टायर परत मागवले होते. तिथेही टेक्सास, अ‍ॅरिझोना, फ्लोरिडा अशा उष्ण राज्यांत अपघात जास्त झाले आणि कमी हवेचा प्रश्न चर्चेत आला. अडीचशेहून अधिक माणसं गेली. आपला मे महिना त्यांच्यापेक्षा सौम्य नाही.

राज्याच्या २०११ च्या स्कूलबस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात आणि तिच्यात पालकही असतात. माझी विनंती त्यांना आहे. शाळा उघडण्याच्या आठवड्यात प्रत्येक व्हॅनचे पाचही टायर, स्टेपनीसकट, बघा. सालाचे आकडे वहीत लिहून घ्या. टायरच्या बाजूला फुगा किंवा चिरा असतील तर मुलं बसवू देऊ नका. व्हॅनला साध्या कारचे टायर बसवलेत का, तेही पाहा. वजन पेलणाऱ्या टायरवर बहुधा 'एलटी' (लाइट ट्रक) अशी खूण असते. चालकांना राग येईल, मलाही आला असता. चार टायर एकदम बदलणं आमच्यासाठी सोपं नाही, म्हणून पालकांनी जूनची थोडी रक्कम आगाऊ दिली तर मोठी मदत होईल.

सालाचे आकडे कधी कधी टायरच्या आतल्या बाजूला असतात. तपासायला जाताना टॉर्च न्या आणि गाडीखाली वाकून बघा.

आपला,
एक व्हॅनचालक,
ता. घाटंजी, जि. यवतमाळ