साडेपाच तास थांबायला शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

आपल्या निरोपाच्या दिवशी जे सांगायचे राहून गेले, ते आज जाहीरपणे लिहीत आहे.

अंधेरीच्या संगणक केंद्रात त्या रात्री चाचणीच्या मेनफ्रेमचे, म्हणजे मोठ्या संगणकाचे, आयपीएल (यंत्र सुरू करण्याचे काम) मी प्रथमच एकटीने करत होते. कन्सोलने तारीख आणि वेळ विचारली; मी मनगटावरच्या घड्याळातले सव्वाबारा टाइप केले आणि नोंदवहीतल्या जुन्या नमुन्याबरहुकूम पुढे जीएमटीही, म्हणजे ही ग्रीनिचची वेळ आहे असे, लिहिले. क्लॉक मेंबरमध्ये, म्हणजे यंत्राच्या वेळेच्या मांडणीत, टाइमझोन ई.०५.३०.०० (ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे) असल्यामुळे यंत्राने त्यात साडेपाच तास मिळवले. दहा मिनिटांनी वेळ दाखवणारी ‘डी टी’ कमांड दिली, तर स्थानिक वेळ पहाटेचे ५.५५! तोवर डीबी२ हा डेटाबेस सुरू होऊन त्यात व्यवहारही नोंदले जाऊ लागले होते.

“आधी डेटाबेस बंद कर, घड्याळाला हात लावू नकोस,” एवढेच आपण फोनवर म्हणालात आणि तासाभरात स्वतः हजर झालात.

मला एका शब्दानेही न रागावता आपण कागद पुढे ओढलात. १९७० च्या आयबीएमच्या सिस्टिम/३७० या मेनफ्रेमपासून चालत आलेले हे घड्याळ म्हणजे १ जानेवारी १९०० पासून मोजणारा ६४ बिटांचा गणक, जो १७ सप्टेंबर २०४२ रोजी भरून जाईल, हे आपण समजावलेत. आपल्या डेटा शेअरिंगमध्ये, म्हणजे अनेक डीबी२ एकच डेटा वापरतात त्या रचनेत, लॉगमधल्या (बदलांच्या नोंदवहीतल्या) नोंदींचा क्रम याच गणकावरून ठरतो, त्यामुळे घड्याळ मागे घेऊन लगेच काम सुरू केले, तर नंतरची नोंद आधीची ठरते आणि डेटा सावरायची वेळ आली की तो क्रमच दगा देतो. म्हणून खरी वेळ चुकीच्या वेळेच्या पुढे जाईपर्यंत यंत्रणा बंदच ठेवायची. सहा वाजून गेल्यावरच आपण मला पुन्हा आयपीएल करू दिलेत, आणि तोवर घरी गेला नाहीत.

आज आमची यंत्रे एसटीपीने, म्हणजे मेनफ्रेमची घड्याळे जुळवून ठेवणाऱ्या सोयीने, एकाच वेळेला बांधलेली आहेत. एका सेकंदाचा फरकही ती सुमारे सात तासांत, उडी न मारता, हळूहळू भरून काढतात. ते पाहताना मला आपलीच रीत आठवते. गेल्या महिन्यात एका नवीन मुलाने चाचणीच्या यंत्रावर तीच चूक केली. मी त्याला आपलेच वाक्य सांगितले आणि सकाळपर्यंत त्याच्याशेजारी बसले.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी