माझ्या आईचे नाव कोणाच्या सहीने कमी झाले? अन्नधान्य वितरणाची जबाबदारी असलेल्या मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,

सादर नमस्कार. राज्यातील सुमारे सात कोटी लोकांपर्यंत धान्य पोहोचवण्याची जबाबदारी आपल्यावर आहे आणि त्या कामाचा पसारा किती मोठा आहे याची मला जाणीव आहे. तरीही हे पत्र जाहीरपणे लिहावे लागत आहे, कारण या महिन्यात माझ्या आईला रेशन दुकानातून रिकामी पिशवी घेऊन घरी परतावे लागले. तिचे वय ७१ वर्षे आहे. ती आमच्या जुन्या खोलीत एकटी राहते, प्राधान्य कुटुंबाचे कार्ड तिच्या एकटीच्या नावावर आहे आणि राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ प्रमाणे दरमहा ५ किलो धान्य हा तिचा हक्क आहे. "आजी, ई-केवायसी झाली नाही म्हणून वरूनच नाव बंद झालंय, माझ्या हातात काही नाही," असे दुकानदाराने तिला सांगितले. तो खोटे बोलत नव्हता. ज्याच्यासमोर माणूस उभा आहे त्याच्या हातात काहीच ठेवायचे नाही, अशीच ही व्यवस्था उभारलेली आहे.

ई-केवायसी, म्हणजे आधारमधल्या नोंदीशी अंगठा जुळवून कार्डावरच्या माणसाची ओळख पटवणे. ती का झाली नाही, ते सविस्तर सांगतो, कारण ऐकून घ्यायला आजवर कोणालाच वेळ नव्हता. आईने लहानपणापासून विड्या वळल्या. सोलापूर, सिन्नर, संगमनेर या गावांतील हजारो बायकांनी आयुष्यभर हेच काम केले आहे. पाने भिजवायची, कात्रीने कापायची, तंबाखू भरून वळायचे, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचे, आणि मजुरी मिळणार ती हजार विड्यांच्या हिशेबाने. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे कापले जात, म्हणून बोटांवर जोर देऊन घट्ट वळावे लागे. अशा कामाने अंगठ्याचे आणि तर्जनीचे टोक टाकी न लावलेल्या पाट्यासारखे गुळगुळीत होते. त्या अंगठ्यावर आता ठसाच उरलेला नाही. मशीनवर तो ठेवला की लाल अक्षरे येतात. कोणी सांगते अंगठा केसांवर घासा, कोणी सांगते लिंबू लावा, गरम पाण्याने धुवा. रांगेतले लोक मागून चुळबुळ करतात आणि आई ओशाळून बाजूला होते. डोळ्यांचे म्हणाल तर दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असल्याने तिथेही जुळणी होत नाही. मोबाइलवर चेहरा दाखवून काम होईल असे सांगण्यात आले, म्हणून तेही करून पाहिले. पापण्या मिटा, उघडा, अशी सूचना येते आणि ती समजून घेऊन आई डोळे मिटेपर्यंत वेळ संपलेली असते. ज्या हातांनी चाळीसहून अधिक वर्षे या राज्यातील एका उद्योगाला नफा मिळवून दिला, ते हात आज शासनाला ओळखू येत नाहीत, आणि त्याचा दोष मात्र त्या हातांच्या मालकिणीवर आहे.

मग आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे नव्याने नोंदवा, असा सल्ला मिळाला. त्यासाठी शुल्क पडते. ते पूर्वी १०० रुपये होते आणि ऑक्टोबर २०२५ पासून १२५ रुपये झाले. ठसे नव्याने घेतले तरी अंगठा तोच असल्यामुळे उत्तरही तेच आले. ही केवळ आमची रड नाही. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२२ मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात म्हटले आहे की २०१८-१९ मध्ये झालेल्या एकूण बायोमेट्रिक दुरुस्त्यांपैकी ७३ टक्क्यांहून अधिक दुरुस्त्या लोकांनी स्वतः पैसे भरून करून घेतल्या होत्या, कारण आधी घेतलेले ठसे सदोष होते. नोंद शासनाने घ्यायची, ती नीट उमटली नाही तर दंड माणसाने भरायचा आणि तरीही जुळणी झाली नाही तर जेवण त्यानेच सोडायचे, हा न्याय आपल्याला मान्य आहे का?

पुरवठा कार्यालयातील खिडकीवर मला विचारण्यात आले की तुम्ही नोकरी करता, मग आईला पाच किलो धान्य विकत आणून देता येत नाही का. देता येते, आणि या महिन्यात मी ते दिलेही. परंतु हा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्या खिडकीला कोणी दिला? आईने मुलाकडे हात पसरायचा की स्वतःच्या कार्डावर धान्य आणायचे, हे ठरवता यावे एवढ्यासाठीच तर तो कायदा झाला. तिच्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या, जवळचे कोणीच नसलेल्या बाईचेही नाव याच कारणाने बंद झाले आहे. तिने कोणाकडे जायचे?

मंत्री महोदय, आपल्याला वचनाची आठवण करून देणे मला भाग आहे. अंगठा जुळला नाही म्हणून कोणालाही धान्य नाकारू नये, त्याची नोंद वेगळ्या वहीत करून धान्य द्यावे, असे केंद्र शासनाने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्व राज्यांना लेखी कळवले. झारखंडमधील सिमडेगा जिल्ह्यात एका अकरा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाल्यानंतर आणि तिच्या घरचे रेशन कार्ड आधारशी न जोडल्यामुळे रद्द झाल्याच्या बातमीने देश हादरल्यानंतरचे हे पत्र आहे. पुढे २६ सप्टेंबर २०१८ च्या आधारविषयक निकालात सर्वोच्च न्यायालयाने ॲटर्नी जनरल यांचे आश्वासन नोंदवून घेतले, की ओळख पटली नाही एवढ्या कारणाने कोणत्याही पात्र व्यक्तीला लाभ नाकारला जाणार नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायालयात दिलेला शब्द आमच्या गल्लीतील दुकानापर्यंत का पोहोचला नाही? ती वेगळी वही आमच्या दुकानात नाही, आणि अशी वही असते हे दुकानदाराला माझ्याकडूनच कळले.

बोगस कार्डे शोधण्यासाठी हे सारे आवश्यक होते, असे उत्तर मिळेल याची मला कल्पना आहे. बोगस कार्डे होती, हे मी नाकारत नाही. मेलेल्या माणसांच्या नावावर धान्य उचलले जात होते आणि ते काळ्या बाजारात जात होते, हे लहानपणी आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु अंगठा एवढेच सिद्ध करतो की माणूस दुकानात आला होता. पाच किलोंऐवजी साडेचार किलो मापले, तर ते अंगठा कसा सांगणार? आणि खरे कारण वेगळेच आहे असे मला वाटते. राज्याला ठरवून दिलेला लाभार्थ्यांचा इष्टांक, म्हणजे जास्तीत जास्त किती लोकांना धान्य द्यायचे तो आकडा, आजही २०११ च्या जनगणनेवर उभा आहे. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, माणसे वाढली, गरजू वाढले, इष्टांक मात्र जागचा हलला नाही. नवे नाव घ्यायचे तर जुने कमी झाले पाहिजे, आणि जुने कमी करण्यासाठी ज्याचा अंगठा उमटत नाही त्याच्याइतका निमूट माणूस दुसरा कोणता मिळणार? आपण यंत्राच्या आडून गरिबांना गरिबांशी भांडायला लावत आहात.

आईच्या उत्पन्नाचेही सांगतो. विडी कारखान्याच्या भविष्य निर्वाह निधीतून तिला दरमहा १,००० रुपये निवृत्तिवेतन मिळते. ही किमान रक्कम सप्टेंबर २०१४ मध्ये ठरली आणि तिथेच थांबली. गॅस, तेल, औषधे यांच्या किमती थांबल्या नाहीत. एवढ्या पैशांसाठीसुद्धा दरवर्षी आपण हयात आहोत हे तिला सिद्ध करावे लागते आणि त्या दाखल्यासाठी पुन्हा तोच अंगठा मागितला जातो. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डासाठी शहरात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आणि खेड्यात ४४,००० रुपये आहे. श्रावणबाळ योजनेसाठी ती कुटुंबाला वर्षाला २१,००० रुपये आहे, म्हणजे घरात महिन्याला २,००० रुपये येऊ लागले की निराधार माणूस शासनाच्या लेखी सधन होतो. गरिबाची मिळकत मोजताना शासनाचे डोळे इतके बारीक आहेत की त्यांना शंभराच्या नोटा दिसतात.

आता दुसरीकडे पाहा. विषमतेचा अभ्यास करणाऱ्या वर्ल्ड इनिक्वालिटी लॅब या संस्थेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये मांडले की २०२२-२३ मध्ये भारतातील वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या एकूण संपत्तीपैकी ४०.१ टक्के संपत्ती होती. २०२४ च्याच हुरुन या संस्थेच्या अतिश्रीमंतांच्या यादीत मुंबईने बीजिंगला मागे टाकले, ९२ अब्जाधीश आपल्या राजधानीत मोजले गेले आणि त्याचा अभिमान बाळगण्यात आला. या संपत्तीची मोजदाद शासन कसे करते? वारसा कर १९८५ मध्ये रद्द झाला. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला, आणि तो वसूल करण्याचा खर्च मोठा व उत्पन्न कमी असे कारण देण्यात आले. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा कर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला गेला, तेव्हा वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल असे शासनानेच जाहीर केले. बँकांनी २०१४-१५ पासूनच्या दहा वर्षांत १६ लाख ३५ हजार कोटींची थकीत कर्जे निर्लेखित केली, म्हणजे आपल्या ताळेबंदातून काढून टाकली, ही माहिती संसदेत देण्यात आली. निर्लेखित करणे म्हणजे माफी नव्हे, हे मला समजते. परंतु एवढी मोठी रक्कम बुडवणाऱ्यांपैकी कितीजणांना आपण जिवंत आहोत हे सिद्ध करण्यासाठी खिडकीसमोर उभे केले गेले? जे यंत्र पाच किलो धान्यासाठी सत्तरी ओलांडलेल्या बाईचा अंगठा, डोळे आणि चेहरा तपासू शकते, ते कोणाच्या नावावर किती घरे, किती भूखंड आणि किती शेअर आहेत हे एका दिवसात सांगू शकेल. तसे करायचे नाही, हा तंत्रज्ञानाचा दोष नसून शासनाचा निर्णय आहे.

हे विषय केंद्राचे आहेत, असे आपण म्हणाल. मग राज्याचेच पाहू. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या विचारातून या महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली आणि तिचा खर्च भागवण्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी आपल्या पगारातून वाटा द्यावा, एवढी समज त्या वेळच्या विधिमंडळात होती. आज माझ्या साध्या कारकुनी पगारातून तो कर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये असा कापला जातो, म्हणजे वर्षाला २,५०० रुपये. राज्यातील सर्वांत मोठ्या कंपनीच्या प्रमुखाकडूनही तेवढेच २,५०० रुपये घेतले जातात, कारण संविधानातील ती कमाल मर्यादा १९८८ पासून बदललेली नाही. ती वाढवा, असा ठराव आपल्या मंत्रिमंडळाने करावा आणि केंद्राकडे पाठवावा. राहते घर मुलाला बक्षीसपत्राने देताना या राज्यात मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे. दोन खोल्यांच्या घराला ही सवलत हवीच. पन्नास कोटींच्या सदनिकेलाही ती कशासाठी? तो अधिकार तर पूर्णपणे राज्याचा आहे. या सूचना आपल्या सहकारी मंत्र्यांकडे पाठवण्याचे कष्ट आपण घ्याल का, हे मला माहीत नाही, परंतु धान्य कमी पडते असे सांगण्याचा अधिकार ही दारे बंद ठेवणाऱ्या शासनाला नाही.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. ई-केवायसी न झाल्यामुळे बंद केलेली सर्व नावे आधी पूर्ववत करावीत आणि त्यानंतर, माणूस खरोखर नाही की केवळ त्याचा ठसा उमटत नाही, हे कर्मचाऱ्याने घरी जाऊन पाहावे. प्रत्येक दुकानात वेगळी वही ठेवावी आणि ती ठेवली जाते की नाही हे राज्य अन्न आयोगाने तपासावे. हक्काचे धान्य मिळाले नाही, तर कायद्याच्या कलम ८ प्रमाणे अन्न सुरक्षा भत्ता द्यावा लागतो. तो आईला आणि तिच्यासारख्या सर्वांना मिळावा.

आणि एक गोष्ट मला लेखी हवी आहे. आईचे नाव बंद करण्याचा आदेश कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या तारखेला, कोणत्या सुनावणीनंतर दिला? संगणकाने आपोआप केले, हे उत्तर मी स्वीकारणार नाही. नागरिकाचा हक्क काढून घेणाऱ्या आदेशाखाली माणसाची सही असलीच पाहिजे. अशी सही असेल तर तिची प्रत द्यावी, म्हणजे मी जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे तक्रार करीन. नसेल तर तो आदेशच नाही, आणि पुढच्या वाटपाच्या आधी आईचे नाव कार्डावर परत आलेले असले पाहिजे.

आपला,
एका विडी कामगार महिलेचा मुलगा