तंबाखूच्या पुडीऐवजी एक हुक

शहापूर, बेळगाव
रविवार, दुपार

प्रिय बाळू,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "दत्ता, ते लांब सुईचं विणकाम तू करतोस म्हणे, मला कुठली सुई घेऊ ते सांग." मी म्हणालो, सहा घे. तू 'बरं' म्हणून फोन ठेवलास. रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी तुला नेमकं तेच सांगितलं, जे मी स्वतः दुकानात जाऊन बोललो होतो आणि दोन महिने वाया घालवले होते. म्हणून हे पत्र, त्या सुईबद्दल, म्हणजे ट्युनिशियन क्रोशाच्या हुकाबद्दल. दुकानात जायच्या आधी वाच, नंतर वाचून उपयोग नाही.

तंबाखू सोडलीस हे ऐकून आधी विश्वासच बसला नाही. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी हमरस्त्यावर ठिय्या देऊन बसलेला माणूस आता लोकर धरणार! पण तुझं म्हणणं मला पटलं. तोंडाचं व्यसन एक वेळ सुटतं, हाताचं सुटत नाही. डावा तळवा पुढं येतो, उजवा अंगठा मळायला लागतो आणि मध्ये काहीच नसतं. माझंही तसंच झालं होतं, फक्त तंबाखूच्या जागी माग होते. चारही माग भंगारात गेले त्यानंतर कित्येक रात्री मला शांततेनं जाग यायची. दिवसा हात नुसते मांडीवर. सूनबाई कट्ट्यावर बसून हे करत होती, ते बघत बसलो, आणि तिसऱ्या दिवशी म्हणालो, "दे इकडं."

तुझ्या आईनं आणि माझ्या आईनं जे रुमाल, तोरणं केली तो साधा क्रोशा. त्यात एक खांब घातला की तो तिथंच संपतो, सुईवर एकच फासा उरतो. ह्याला ट्युनिशियन क्रोशा म्हणतात आणि ह्याची चाल वेगळी. आधी साखळी घालायची. मग जाताना उजवीकडून डावीकडं एकेक फासा उचलत जायचं आणि सगळे हुकावरच ठेवायचे. वीस टाके असतील तर वीस फासे. डाव्या टोकाला पोचलास की परत फिरायचं: पहिल्यांदा एका फाशातून धागा ओढायचा, पुढं दोन-दोन फाशांतून ओढत ओढत एकच उरेपर्यंत यायचं. कापड उलटायचं नाही, त्याचं तोंड कायम आपल्याकडं. मागावर आडवा धागा नेणारा धोटा गेला, धोटा आला, तसंच. मी सुनेला म्हणालो, अगं हा तर चौकटीशिवायचा माग आहे. तयार कापडात उभे धागे शेजारीशेजारी दिसतात, अगदी ताण्यासारखे. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. मला मात्र त्या दिवशी जेवण गोड लागलं.

आता हुकाचं बघ. ह्या चालीतूनच सगळं ठरतं. अख्खी ओळ हुकाच्या दांडीवर बसते, तेव्हा दांडीला लांबी पाहिजे. साधा क्रोशाचा हुक वीतभराहून कमीच, साधारण पंधरा सेंटिमीटर. त्यावर दहा-बारा टाके कसेबसे राहतात. हात बसवायला तेवढं पुरतं, पण मफलर होत नाही. ट्युनिशियनचा हुक तीस-पस्तीस सेंटिमीटरचा असतो आणि मागच्या टोकाला फासे निसटू नयेत म्हणून गोळी असते, स्वेटरच्या सुईला असते तशी.

दुसरं, आणि हे कुणी सांगत नाही: दांडी टोकापासून गोळीपर्यंत एकसारख्या जाडीची पाहिजे. बाजारातल्या साध्या हुकांना मधे अंगठा टेकवायला चपटा भाग असतो, काहींना रबराची जाड मूठ असते. साध्या क्रोशात ती सोय, इथं ती अडचण. फासे सरकत सरकत तिथं आले की अडतात, आणि जे वर चढतात ते मुठीच्या जाडीला ताणले जातात. मग एक टाका ढगळ, एक आवळ.

मला हे कसं कळलं ते ऐक, म्हणजे हसशील. आमच्या शेजारचा पोरगा उद्यमबागेत लेथवर काम करतो. मी म्हणालो, दुकानातलं काही खरं नाही, तूच एक करून दे. पोरानं ॲल्युमिनियमची सळई घेतली आणि बरोब्बर सहा मिलिमीटरला उतरवून आणली. व्हर्नियर लावून दाखवली मला, कुठंही फरक नाही. गोळीच्या जागी छान टोपी केलेली. आणि मधल्या चार बोटं भागावर, काकांच्या हातातून घसरू नये म्हणून, नर्लिंग करून दिलेलं! पाना-पकडीच्या दांड्यावर असतं तसं खरबरीत. इतकी माया की काही बोलता येईना. पहिल्याच ओळीत सातवा फासा त्या नर्लिंगवर जाऊन बसला तो बसलाच. लोकर पिंजून कापूस झाली. शिवाय टोकाची खाच कानसीनं काढलेली, तिची कड धारदार राहिली होती. धागा ओढला की एकेक पदर तुटायचा. तेव्हा दुकानात हुक हातात घेशील त्या वेळी खाचेच्या आतल्या बाजूवरून नख फिरव. नख अडकलं तर लोकरही अडकणार.

टोकाचं सांगतो तेवढ्यात. काही हुकांचं टोक अणकुचीदार असतं, काहींचं गोलसर. अणकुचीदार टोक उभ्या धाग्याखाली पटकन शिरतं खरं, पण नव्या हाताला ते धाग्याचे पदर फोडतं, अर्धा धागा वर अर्धा खाली. तू गोलसर घे.

आता ते 'सहा'. मी गणपत गल्लीतल्या एका दुकानात गेलो आणि म्हणालो, "क्रोशाची सुई द्या, सहा नंबर." मालकानं आतल्या पोराला कन्नडात हाक मारून 'कोक्के' मागवलं आणि मला सहा नंबरच दिला. त्याची काही चूक नाही. आपल्याकडं जुनी माणसं इंग्रजी राजवटीतले नंबर चालवतात. बायका स्वेटरला 'दहा नंबरची सुई' म्हणतात ते हेच. आणि त्या हिशेबात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक! सहा नंबर म्हणजे पाच मिलिमीटर. सहा मिलिमीटर पाहिजे असेल तर चार नंबर मागावा लागतो. आपण मागावरची माणसं, साठ काउंटचं सूत चाळीसपेक्षा बारीक हे पोटातून शिकून आलेले, तरी मी फसलो. अमेरिकेचा हिशेब आणखी निराळा, तिथं सहा मिलिमीटरला 'जे' (J) हे इंग्रजी अक्षर. तेव्हा नंबर नको, अक्षर नको. दांडीवर मिलिमीटर छापलेले असतील तोच हुक घ्यायचा. छापलेले नसतील तर ठेवून द्यायचा.

पण मुळात सहाच का? लोकरीच्या गुंडाळीवरच्या कागदावर सुईचं माप लिहिलेलं असतं. समजा चार मिलिमीटर लिहिलंय. ते साध्या विणकामासाठी. ट्युनिशियनमध्ये जातानाचा उभा धागा आणि येतानाची साखळी एकमेकांवर बसतात, कापड घट्ट आणि जाड होतं. कागदावरच्या मापाच्या हुकानं केलंस तर पुठ्ठा होतो. म्हणून एक-दोन मिलिमीटर जाड हुक घ्यायचा. चार लिहिलं असेल तर साडेपाच किंवा सहा. तुझा हात मला ठाऊक आहे, गाडीचं चाक आवळल्यासारखा धागा आवळशील, म्हणून तुला सहाच सांगतो. पहिल्या तुकड्यानंतरही कापड ताठ वाटलं तर साडेसहा.

माझा पहिला तुकडा त्या फसव्या 'सहा'वर झाला. वीस टाके, पंधरा ओळी. हातातून सोडला की उन्हात टाकलेल्या पळसाच्या पानागत गुंडाळी व्हायचा. मी त्यावर पाटा ठेवला रात्रभर. सकाळी पाटा काढला, परत गुंडाळी. ह्या विणकामाचा तो स्वभावच आहे, पण हुक जाड घेतला की बराच कमी होतो. सुरुवातीच्या साखळीत समोरच्या कड्या न धरता पाठीमागची गाठ धरून पहिली ओळ उचलली तर आणखी कमी. उरलेलं ओलं करून, टाचण्या लावून वाळवलं की थोडंफार बसतं. इस्त्री मात्र फिरवू नकोस. आपली लोकर म्हणजे बहुतेक ॲक्रिलिक, इस्त्रीखाली मरते.

लाकूड, बांबू, ॲल्युमिनियम की प्लास्टिक? ह्यावर सूनबाईचं आणि माझं पटत नाही. ती ॲल्युमिनियमवाली. फासे सरसर सरकतात, हात भरभर चालतो. मी बांबूवाला. ॲक्रिलिक लोकर गुळगुळीत, ॲल्युमिनियमही गुळगुळीत; नवशिक्यानं चहाचा कप घ्यायला हात काढला की टोकाकडचे चार फासे खाली. बांबू फाशांना धरून ठेवतो. आणि डिसेंबरात आमच्याकडं सकाळी धातू हातात धरवत नाही, हे तिला पंचविसाव्या वर्षी कसं कळणार? स्वस्तातल्या बांबूला कुसळं असतात एवढाच दोष. शून्य नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून वर मेणबत्ती चोळली की झालं. प्लास्टिक घेऊ नकोस, लांब दांडी भाराखाली वाकते.

वायरवाला हुकही दिसेल तुला. पुढं वीतभर हुक, मागं प्लास्टिकची लवचीक दोरी आणि दोरीच्या टोकाला अडकण. शाल किंवा पांघरूण करायचं तर तोच. कापडाचं वजन मांडीवर पडतं, मनगटावर येत नाही. तुझ्या मनगटाचं दुखणं मी विसरलो नाही. पण पहिल्या दिवशी नको, त्यात दोन भानगडी असतात. एक, दोरी पाकिटात गुंडाळून वेटोळी झालेली असते, गरम पाण्यात बुडवून सरळ करावी लागते. दुसरी, हुक आणि दोरीच्या जोडावर जरा जरी पायरी असली की प्रत्येक फासा तिथं ठेच खातो. मफलर पुरा केलास की तेव्हा घेऊ, मी बरोबर येतो. दोन्ही टोकांना खाच असलेला हुक असतो तो गोल विणायला, त्याकडं सध्या बघूही नकोस. आणि बारा हुकांचा संच कुणी गळ्यात मारायला आला तर सरळ उठून चालू लाग. माझ्याकडं आहे तो. त्यातले दहा अजून कागदातच आहेत.

एक गोष्ट हुकाची नाही, पण सांगितली नाही तर सगळं खापर हुकावर फोडशील. प्रत्येक ओळीत डावीकडचा शेवटचा टाका सुटतो. तो कडेला लपलेला असतो. त्याचे दोन्ही धागे एकत्र धरून उचलायचे, म्हणजे कड सरळ राहते. आणि उजवीकडचा पहिला उभा धागा सोडायचा, कारण हुकावर आधीपासून असलेला फासा त्याचाच. हे न कळल्यामुळं माझा मफलर वीस टाक्यांवर सुरू होऊन तेरावर आला होता. नातवानं तो मारुतीच्या मूर्तीला पताका म्हणून लावला. दर ओळीला फासे मोजत जा.

ह्या विणकामाला इंग्रजीत कुठंकुठं 'रेल्वे निटिंग' असंही नाव आहे. निपाणीला अजून रेल्वे आली नाही, तेव्हा तुला एसटी स्टँडवरच बसून करावं लागेल. लोक हसतील. हसू देत. दोन्ही हात गुंतलेले असताना तळव्यावर चुना घेता येत नाही, एवढं मी छातीठोक सांगतो.

माझा सहा मिलिमीटरचा बांबूचा हुक ह्या पत्राबरोबरच पाठवतोय, निपाणीच्या गाडीच्या कंडक्टरकडं देतो. घासून, मेण लावून ठेवलाय. वापरून आवडला तर ठेव, नाही तर परत दे. लोकर तेवढी तू घे. फिकट रंगाची, एकाच रंगाची. काळ्या लोकरीत आपल्या वयाला टाका दिसत नाही.

वहिनींना नमस्कार, नातीला आशीर्वाद.

तुझा,
दत्ता

ता. क. लेथवरच्या त्या हुकाचं काय झालं विचारशील. घरातल्या सगळ्या पायजम्यांच्या नाड्या आता त्यानंच ओवल्या जातात. नर्लिंगमुळं हातातून अजिबात घसरत नाही.